शेळीची जागा

शेळी खोकते तेव्हा ती अगदी माणसासारखी खोकते. जो कधी शेळीच्या शेजारी राहिला नाही, त्याला हे खरं वाटणार नाही. आजही कर्जतच्या बाजारात कुणाच्या ओट्याखाली बांधलेली शेळी खोकली की मी मागे वळून पाहतो. ओळखीचं कुणी असावं असं वाटतं. मग शेळी दिसते. तीही माझ्याकडे बघते आणि पुन्हा पाल्यात तोंड घालते.

एक अख्खा पावसाळा मी शेळीबरोबर काढला, त्याची ही आठवण आहे.

मी तेव्हा पुण्याला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे वाट जाते, त्या वाटेवर नदीच्या अलीकडे आमची वस्ती. वस्तीतून मॅट्रिक झालेला मी पहिला, त्यामुळे कॉलेजात गेलेलाही मीच पहिला. वडील खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला होते. ते तिकडेच राहत आणि सुट्टीला घरी येत. आई इकडे थोडी शेती आणि बाकीची मजुरी करी. मला शिकवलं ते शाळेतल्या मास्तरांनी, शिष्यवृत्तीने आणि आईच्या हट्टाने. यातलं एक जरी कमी पडलं असतं, तरी मी आज हे लिहीत बसलो नसतो.

खोकला थंडीपासूनच होता. वसतिगृहात खोकला कुणाला नसतो? पण एका सकाळी तोंड धुताना मोरीत रक्त दिसलं. वसतिगृहाचे रेक्टर सज्जन होते. त्यांनीच मला डॉक्टरांकडे नेलं आणि छातीचा फोटो काढवला. डॉक्टरांनी ती काळी फिल्म खिडकीच्या काचेला लावली आणि उजवीकडे वरच्या बाजूला एक पांढुरका डाग दाखवला.

"क्षय आहे," ते म्हणाले. "पूर्वीसारखं आता नाही, औषध आहे. घरी जा, वेगळे राहा, आणि सुया-गोळ्या चालू ठेवा. बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. सोडणारेच मरतात."

खोलीवर आलो तर माझी वळकटी आणि ट्रंक बाहेर व्हरांड्यात ठेवलेली होती. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या कुणाला झालं असतं, तर मीही त्याची वळकटी बाहेरच ठेवली असती. तरी गाडीत बसेपर्यंत मला वाटत राहिलं, निदान निरोप घ्यायला कुणी येईल.

घरामागे आमचं खळं होतं. पीक निघालं की झोडणी तिथे होई, एरवी ते रिकामंच असे. त्याच्या कडेला वडिलांनी माझ्यासाठी खोप उभी केली. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर पेंढा, आत बाज. ताट, तांब्या, पेला, सगळं वेगळं. थुंकायला राखेचा डबा, आणि त्यातली राख रोज आईने चुलीत जाळायची. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी आईला समजावून सांगितलं. तिने ते मन लावून ऐकलं आणि तसंच्या तसं केलं.

पहिल्या दिवशी ती मला पाणी द्यायला आली. माझ्या पेल्याला तिचा तांब्या लागू नये, म्हणून तिने तांब्या उंच धरला आणि वरून धार सोडली. धार अर्ध्यात असताना तिचा हात थांबला.

दुसऱ्यांच्या अंगणात तिने सगळं आयुष्य असंच वरून पाणी घेतलं होतं, ओंजळीत. माझ्या लहानपणी मीही घेतलेलं आठवतं. आता तेच पाणी तिला स्वतःच्या पोराला घालायचं होतं. पेला भरला, ती गेली. त्यानंतर ती पाणी देताना माझ्याकडे कधी बघत नसे, पेल्याकडेच बघे.

दिवस मोठे होते. वस्तीतली माणसं खळ्याच्या बांधावरूनच "काय रं, कसं हाय?" म्हणून विचारत आणि उत्तर ऐकायच्या आधीच चालू लागत. पोरांना इकडे फिरकायची बंदी होती. एक दिवसाआड मी कर्जतला दवाखान्यात सुई घ्यायला जाई. तिथल्या नर्सबाई तेवढ्या माझ्याशी नेहमीसारख्या बोलत. "आज दम कमी लागला का? जिन्यावर थांबलात का?" असं विचारत. हातात सुई असली तरी त्यांचं ते बोलणं मला इतकं गोड वाटे की परत येताना मी ते मनात घोळवत येई. घाटात गाडीला मागून जोडायची इंजिनं कर्जतच्या स्टेशनावर शिट्ट्या मारत. त्या खोपीपर्यंत ऐकू येत. त्या गाड्या पुण्याला जातात, तिथे माझ्या वर्गाची परीक्षा चालली असेल, एवढंच मनात येई.

पावसाच्या थोडं आधी आई माहेरी, लोधिवलीला गेली आणि येताना शेळी घेऊन आली. चौक गावाच्या रस्त्याने चालतच आणली. तरुण शेळी, काळी, कानांवर पांढरे ठिपके, नुकतंच करडू तुटलेली. आईने तिला सरळ माझ्या खोपीत आणलं आणि बाजेच्या उशाकडे खुंट ठोकून बांधलं.

"ही इथं कशाला?" मी विचारलं.

"क्षयाच्या माणसाच्या उशाशी शेळी बांधावी. माजा बा सांगायचा. तिच्या वासानं रोग उतरतो. आनि दूद बी हाय."

"उतरतो म्हणजे जातो कुठं?"

"मला काय ठावं? उतरतो."

दूध प्यावं असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. म्हणून मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर, ती काय म्हणून आली आहे याच्याशी मला कर्तव्यच नव्हतं. कुणीतरी आलं होतं.

सवय व्हायला वेळ लागला नाही. ती आधी पुढचे गुडघे टेकून मग मागचा भाग खाली घेई आणि बसताना म्हाताऱ्यासारखा सुस्कारा सोडी. रवंथ करताना तिचे डोळे अर्धे मिटत. मी उंबराचा नाही तर फणसाचा पाला आणून हातानेच तिला चारी. माझ्या हातचं बिनधास्त खाणारं त्या दिवसांत तेवढं एकच तोंड होतं. मी अभ्यास मोठ्याने वाचायला लागलो, इंग्रजीसुद्धा. एकदा तिने पुस्तकाच्या पानाचा कोपराच खाल्ला.

माझी चुलती शेजारच्या घरात राही. तिची जीभ फार तिखट. बांधावर उभी राहून ती आईला हाक मारी, "काय गं, तुजा सायब शेळीसंगं इंग्लिस बोलतो जनू!"

"बोलू दे," आई म्हणे. "तुज्यासंगं बोलन्यापरास बरं."

"शेळी बीए झाली तं मला सांग गं. माज्या पोराला तिचीच शिकवनी लावते."

मला हसू येई. हसलं की खोकला येई.

पाऊस लागला तशी खोपीत ओल चढली. मी बाजेवर होतो, शेळी जमिनीवर. आई पेंढा पसरी, तो दुसऱ्या दिवशी भिजलेला असे. सुयांनी मला गुण येत होता. ताप उतरला होता, भूक लागत होती, आणि खोकल्याची उबळ यायची ती आता दिवसातून एखाददुसरी येई. अशातच एका सकाळी शेळी खोकली.

मी दचकलो. मलाच खोकला आला असं वाटलं. ती पुन्हा खोकली, मान पुढे ताणून, आणि तिच्या नाकातून पाणी आलं.

आई भाकर घेऊन आली तेव्हा शेळी खोकत होती. आई दारातच उभी राहिली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा मास्तर घरी सांगायला आले होते, त्या दिवशीसुद्धा नव्हता. तिने भाकर खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

"उतरला," ती म्हणाली. "उतरला रं बाबा."

मग ती चुलतीला सांगायला धावली. वस्तीत सगळ्यांना कळलं. त्या दिवशी बांधावर येणाऱ्यांनी माझं उत्तर येईपर्यंत वाट पाहिली. त्यांना शेळीचा खोकला ऐकायचा होता.

मी आईला समजावलं. माणसाचा क्षय असा शेळीत उतरत नाही. तिला ओलीने पडसं झालं असेल. जंतू काय असतात तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. शाळेत शिकलेलं मी काहीही सांगितलं तरी ती ऐकून घेई, कौतुकाने.

"आसंल तुजं जंतूचं," ती म्हणाली. "पन तू बरा व्हायला लागलास आनि ती पडली. ह्ये तं मला दिसतं नव्हं?"

पुढच्या सुईच्या दिवशी मी कर्जतला गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर घाटावरचे होते, आडदांड, बाह्या वर सारलेल्या. एका बैलाच्या नाकात हात घालून काहीतरी काढत होते. मी शेळीचं सांगितलं.

"मग आणा की तिला. इथनं बघून शेळी बरी करायला मी काय मांत्रिक हाय व्हय?"

"आई आणू देत नाही."

"का बरं?"

मी का ते सांगितलं. माझा आजारही सांगितला. ते मागे सरले नाहीत. बैलाचं नाक सोडून त्यांनी हात धुतले.

"तुमचा आजार तुमचा, तिचा तिचा," ते म्हणाले. "शेळीला ओल सोसत नाही. फुफ्फुसं सुजत असतील. लवकर आणा. शेळीचा जीव हाय, वाट बघत बसत नाही."

घरी येऊन मी आईला म्हणालो, "तिला उद्या दवाखान्यात नेतो."

"कशाला?"

"श्वास लागतोय तिला, आये. बघ तरी."

"लागंल नाय तं काय? तुजा रोग काय हलका व्हता?" ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. "तिला हात लावायचा नाय. ती बरी झाली तं त्यो जाईल कुठं? परत तुज्याकडंच येनार."

"म्हणजे तिने मरायचं?"

तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"हे मग बोकड कापण्यासारखंच झालं की," मी म्हणालो.

आईने सूप खाली ठेवलं. आमच्या वस्तीने दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक, नारळ, ओढ्याकाठच्या दगडावरचा शेंदूर, सगळं टोपलीत घालून नदीत सोडलं होतं. आमच्या घरची टोपली आईनेच डोक्यावरून नेली होती. त्यानंतर मला किती ताप आले, तिला किती भोगावं लागलं, पण तिने कशापुढे कोंबडंसुद्धा कबूल केलं नव्हतं. भिंतीवरच्या दोन तसबिरींसमोर हात जोडायची, तेही काही मागायला नाही.

"तोंड सांबाळ," ती म्हणाली. "मी ह्या हातांनी देव सोडलेत. मी काय नवस केला? कुनाम्होरं कापली तिला? ह्यात देव कुठाय? ह्ये औषद हाय. तुजी सुई हाय तशी ती."

देव गेले होते, पण एकाच्या बदल्यात एक द्यायचा हिशोब घरात कुठेतरी राहून गेला होता आणि औषधाचं नाव घेऊन परत आला होता. हे मला तेव्हा जाणवलं, पण एका आईला ते कोणत्या शब्दांत सांगायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. वडील सुट्टीला आले तेव्हा मी त्यांच्यापाशी विषय काढला. त्यांनी तंबाखू मळत विचार केला आणि म्हणाले, "आयचं ऐक. आनि डाक्टरचं बी ऐक." मग ते पाळीला निघून गेले.

शेळी खाईना. पाला तोंडाशी नेला तर हुंगे आणि मान फिरवी. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खळगा पडे, नाकपुड्या फुलत. ती बसेनाशी झाली. बसलं की दम कोंडायचा. मान लांब करून उभीच राही. हे मला ठाऊक होतं. मीही वसतिगृहातल्या शेवटच्या दिवसांत उशा रचून बसून राहायचो.

आई रोज दारात येऊन विचारी, "खाल्लं का तिनं?" त्या प्रश्नात तिला कोणतं उत्तर हवं असे ते तिलाही ठरवता येत नसे. मी "नाही" म्हटलं की ती मान हलवी. पण परत जाताना तिचे पाय लवकर उचलत नसत. मला सुयांनी बरं वाटतंय हे मी जाणत होतो. तरी संध्याकाळी पाऊस कोसळत असताना, माझा श्वास मोकळा आणि शेळीचा अडकलेला असा एकामागून एक ऐकताना, तो हिशोब मलाही खरा वाटायला लागे. आणि मग माझा मोकळा श्वास मला नकोसा होई.

शेवटी ठरवलं, आईला न विचारताच शेळीला न्यायचं. पण ती चालू शकत नव्हती, आणि तिला उचलून कर्जत गाठायची माझ्या छातीत ताकद नव्हती. दवाखान्यात जाऊन कुणाची हातगाडी मिळते का बघावं म्हणून मी त्या दिवशी सुईच्या वेळेआधीच निघालो. गाडी मिळाली नाही. शेळीसाठी, तीही क्षयाच्या माणसाच्या शेळीसाठी, कोण देणार?

परत आलो तर खोप रिकामी होती. खुंटाला दोरीचा कापलेला तुकडा तेवढा होता.

चुलती बांधावर होती.

"शेळी कुठंय काकी?"

"नेली तुज्या आयनं. खांद्यावर टाकून."

"कुठं?"

"मला इचारून नेली व्हय? ओढ्याच्या अंगानं गेली." ती पुढे काहीतरी टोमणा मारणार होती, पण माझ्याकडे बघून घरात वळली.

मेलेली जनावरं ओढ्यापलीकडे टाकत. मी तिथे गेलो. भिजलेली झुडपं होती, एक कावळा होता, बाकी काही नव्हतं. मी एका दगडावर बसलो. घरी जावंसं वाटेना. खोपीत जावंसं तर नाहीच. दिवस कलला तेव्हा कर्जतकडून येणाऱ्या वाटेवर आई दिसली. शेळी तिच्या मानेवर आडवी होती, गवताचा भारा घ्यावा तशी. पुढचे दोन पाय एका हातात, मागचे दुसऱ्या. दोघी निथळत होत्या. जवळ आल्या तेव्हा दोघींच्या श्वासाचा आवाज एकसारखा येत होता.

मी शेळी घ्यायला पुढे झालो.

"तू नगं," आई म्हणाली. "तुला दम लागंल."

घराच्या ओटीवर तिने शेळीला उतरवलं आणि स्वतः भिंतीला टेकली.

"भाकर घेऊन आले तं तू नवतास. तिनं माजं लुगडं तोंडात धरलं. सोडंचना. आनि खोकली." ती थांबली. "नाय बघवलं रं. मानसासारकी खोकते ती."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मलाच वरडला. म्हनला, म्हातारे, खांद्यावर शेळी आनलीस, आता तुला बी सुई देऊ का?" ती जरा हसली, आणि लगेच तिचं हसू गेलं. "त्यानं बाटली काडली. रबराच्या बुचाची. आत पांडरी भुकटी. पानी घालून हालवली. तुजीच बाटली ती. मी काय वळखत नाय?"

नर्सबाई सुई भरत असताना आई एकदोनदा माझ्याबरोबर होती. तिची नजर पक्की होती. पुढे मी त्या गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "व्हय, औषधात तेच हाय. जंतू मारतंय ते. तुमचे वेगळे, तिचे वेगळे. आईला सांगा." मी आईला सांगितलं. पण आईने त्याचा अर्थ कधीच लावून ठेवला होता. एकच बाटली, म्हणजे एकच रोग. तिने तो शेळीतून काढवला होता. आता तो मोकळा होता.

शेळीला कोरड्यात ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून ती घरात, चुलीजवळ गेली. मी बाहेर खोपीतच राहिलो. मला तिच्या सुस्काऱ्याची इतकी सवय झालेली होती की पहिल्या संध्याकाळी पाऊस असूनही खोप मुकी वाटली.

तेवढ्यात आई आली. काखेत गोधडी होती. ती सरळ आत आली आणि उशाकडे, खुंटाजवळ, गोधडी पसरायला लागली.

"हे काय गं आये?"

"काय नाय. पाय सरकव."

"तू इथं झोपणार? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"शेळीची जागा रिकामीच हाय नव्हं?" ती म्हणाली. जसं काही पंगतीत एक पाट रिकामा आहे म्हणून ती जेवायला बसत होती.

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी तिचा दंड धरला आणि तिला दाराबाहेर केलं. आजारी पडल्यापासून मी तिला पहिल्यांदाच स्पर्श करत होतो, आणि तो बाहेर काढण्यासाठी. झापाचं दार ओढून मी आतून काठी लावली. ती थापा मारत राहिली. "उघड रं. मी म्हातारी हाय. माजं काय ऱ्हायलंय? तुजी परीक्षा हाय." मी आत उभा होतो, तोंडावर उपरणं दाबून, म्हणजे माझा श्वाससुद्धा तिकडे जाऊ नये.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी तिच्या येण्याआधी काठी लावू लागलो. मग तिने हट्ट सोडला. ती कुडाच्या बाहेर, वळचणीखाली, पाट घेऊन बसे. आत मी, बाहेर ती, मध्ये कारवीच्या काठ्या. लावणी कुणाची झाली, चुलतीने कुणाला काय सुनावलं, शेळीने आज किती खाल्लं, सगळं सांगे. शेळी बरी होत होती. "आज तिनं कोंडा खाल्ला," हे सांगताना तिच्या आवाजात आनंद असे, आणि त्याच्या पाठोपाठ ती हमखास विचारी, "तुला आज खोकला आला काय?" मी "नाही" म्हणे. खोकला आला असला तरी उशीत दाबून "नाही" म्हणे. तिच्या इतक्या जवळ असूनही ते दिवस मला शेळीबरोबरच्या दिवसांपेक्षा एकटे गेले.

औषध मी सोडलं नाही. पुढच्या वर्षी फोटो काढला तेव्हा डाग वाळून रेघेएवढा उरला होता. डॉक्टरांनी घरात राहायला परवानगी दिली. त्या दिवशी आईने मला चुलीपाशी वाढलं. मी पाणी मागितलं. तिने तांब्या उंच केला, मग खाली आणला, आणि माझ्या हातात दिला. तिची बोटं तांब्यावरून लवकर निघाली नाहीत.

मी बी. ए. झालो. खालापूर तालुक्यात एका शाळेत शिक्षक लागलो आणि शाळेजवळच खोली घेऊन राहिलो. मास्तर, नर्सबाई, पुण्याचे डॉक्टर, ते गुरांचे डॉक्टर, या माणसांचं देणं माझ्यावर आहे, ते मी मुलांना शिकवून फेडायचा प्रयत्न केला. लग्नाचं दोनतीनदा जुळत आलं. मुलीकडची माणसं वस्तीत चौकशी करत, आणि वस्ती खोटं बोलत नसे. पुढे मीच तो विषय थांबवला.

वडील गेल्यानंतर आईला खोकला लागला. दर थंडीत वाढे. श्वास लागला की ती मान लांब करून, दाराच्या चौकटीला धरून उभी राही. ते पाहिलं की मला ती काळी शेळी आठवे. मी तिला पनवेलला नेलं, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "क्षयबिय काही नाही. चुलीचा धूर आणि भाताची धूळ, आयुष्यभराची. दमा आहे. गोळ्यांनी आराम पडेल." गोळ्या दिल्या. पण तिला आराम पडेना. शेवटी चुलतीनेच मला सांगितलं, "आरं, ती गोळ्या खातीया कुठं? कोंबड्यांच्या राखंत टाकते. कोंबड्या मातर झ्याक हायत."

मी आईला विचारलं. तिने लपवलं नाही.

"मागल्या दिवाळीला घेतल्या व्हत्या," ती म्हणाली. "जरा बरं वाटलं. आनि तुला ताप आलता. ध्यानात हाय ना?"

"आये, तो साधा ताप होता. शाळेत सगळ्यांना आला होता."

"आसंल."

"आणि तुझ्यात माझा रोग आला तरी कधी? मी तुला आत येऊच दिलं नाही. एकदाही दार उघडलं नाही."

ती हसली. हसताना खोकली. दम परत येईपर्यंत मी थांबलो.

"कुडाला भोकं काय थोडी व्हती?" ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं, ती वळचणीखाली पाठ टेकून बसत नव्हती. मी आत तोंडावर उपरणं दाबून उभा होतो, आणि ती बाहेर कुडाला तोंड लावून श्वास घेत होती. गेली कित्येक वर्षं तो खोकला ती माझा म्हणून सांभाळत होती.

मी तिच्याशी जंतूंबद्दल बोललो नाही. एवढंच विचारलं, "माझा फोटो काढून आणला, आणि तुला दाखवला, तर घेशील गोळ्या?"

तिने विचार केला. "दाव तं खरं."

मी काढून आणला. दारात उभं राहून फिल्म उजेडाकडे धरली. तिने जवळ येऊन बरगड्यांवरून बोट फिरवलं, पुण्याच्या डॉक्टरांनी फिरवलं होतं तसंच, आणि वरच्या रेघेवर थांबली.

"ह्ये काय?"

"खूण राहिलीय. जखमेची राहते तशी."

"वाडली नाय ना?"

"नाही. होती तेवढीच आहे."

त्या संध्याकाळी तिने गोळी घेतली. मग दर दिवाळीला हेच. आधी माझा फोटो, मग तिच्या गोळ्या. डॉक्टर म्हणत, मास्तर, तुम्हाला दरवर्षी कशाला हवा? मी म्हणे, हवा आहे, काढा. गोळ्यांनी तिचा श्वास सुधारला. ती पुन्हा ओढ्यापर्यंत चालत जाऊ लागली. चुलतीशी भांडू लागली. तिला आणखी बरीच वर्षं मिळाली आणि शेवटी ती झोपेत गेली, न खोकता.

ती गेली त्या वर्षीही दिवाळीला माझे पाय पनवेलच्या दवाखान्याकडे वळले. फोटो काढला आणि तो घेऊन वस्तीवरच्या घरी गेलो. कुलूप उघडलं, दारात उभा राहिलो आणि फिल्म उजेडाकडे धरली. रेघ होती तेवढीच होती. फिल्ममधून पलीकडचं खळं अंधुक दिसत होतं, आणि चुलतीच्या दारातली करडं.